सरसूची लेक

आमचं गुऱ्हाळ वरवंडच्या शिवारात, हायवेपासून थोडं आत, कॅनॉलच्या अंगाला आहे. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, ते चालू केलं तेव्हा मी लग्न होऊन आलेही नव्हते. मी दौंडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. सकाळी स्कूटरवर जाते, दुपार कलली की परत येते, आणि लांबून चुलवाणाचा धूर दिसला की घर आलं असं समजते.

गूळ करायला दर साली उत्तरेकडून माणसं येतात. आमच्याकडं येणारा गुळव्या गंगाकाठच्या एका गावचा. माणूस कामाला चोख, पण बोलणं मोजकं. त्याच्या वाटणीचं सगळं त्याची बायको बोलायची. वस्तीवरचे लहानथोर तिला भाभी म्हणायचे, मीही म्हणायचे. पाच-सहा सीझन आमच्यात काढल्यावर तिची एक वेगळीच भाषा तयार झाली होती. "बाबूजी, आज रस जरा पातला हाय," असं ती म्हणायची. आबा तिला हिंदीत उत्तर द्यायचे, आणि आबांची हिंदी तिच्या मराठीपेक्षा अवघड असायची.

त्या वर्षी दिवाळी उरकल्यावर भाभीनं गुऱ्हाळामागं पाटाच्या कडेला एक वाफा केला. जागा पडूनच होती. चिपाडाचा चुरा बाजूला सारून, माती भुसभुशीत करून, गावाकडनं फडक्याच्या गाठीत आणलेलं बी तिनं त्यात टाकलं. ते वीतभर वर आलं तसे आबा तिथं जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या वाफ्यात काहीही उगवलेलं असो, आबांना त्याबद्दल मत असतंच.

"मोहरी लई दाट पडली," ते म्हणाले. "थोडी उपटून इरळ कर."

"मोहरी नाही बाबूजी, सरसों हाय."

"तेच ते. तुम्ही सरसू म्हणता, आम्ही मोहरी म्हणतो."

"ना, ना. आपके गेहूँ में जो है, वो राई. राई वेगळी, सरसों वेगळी."

आबांनी गव्हाच्या कडेनं नेहमीसारख्या मोहरीच्या ओळी टाकल्या होत्या. ते तिथवर चालत गेले, एक रोप उपटून घेऊन आले आणि भाभीच्या रोपाशेजारी धरलं. दोन्ही हिरवीगार, दोन्हींची पानं कातरलेली.

"ही बघ. जुळ्या भनी."

भाभी हसली आणि कामाला लागली, पण हार मानून हसली नव्हती. संध्याकाळी मी पाय धुऊन ओट्यावर टेकते न टेकते तोच आबांनी मला गाठलं.

"तू झाडाझुडपांचंच शिकवतीस ना? मग सांग. मोहरी आन् सरसू एकच का न्हाई?"

"नाही आबा. भाभी म्हणतात तेच खरं. दोन्ही वेगळ्या."

"कशावरनं?"

मी सांगायला लागले, की घराणं एक, पण जात निराळी. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे झालं पुस्तकातलं. रानात दाखव."

"फुलावर येऊ द्या. मग दाखवते."

"तवर आमचंच खरं," आबा म्हणाले आणि चहाचा कप उचलला.

मार्गशीर्षात दोन्हींना फुलं आली. पिवळ्या रंगात फारसा फरक नव्हता, म्हणून आबा खुशीत होते. एका रविवारी मी आबांना, भाभीला आणि मागं-मागं आलेल्या सासूबाईंना वाफ्यापाशी नेलं. सरसोंच्या शेंड्याकडचं एक पान दाखवलं. त्याला देठ असा नव्हताच. पानाचा बुडखा दोन्ही बाजूंनी खोडाला कवळा घालून बसलेला. मग गव्हाच्या कडेला जाऊन मोहरीचं तसंच वरचं पान दाखवलं. ते देठाशी निमुळतं होत गेलेलं, खोडापासून अंतर राखून उभं.

आबा गुडघ्यावर हात टेकून वाकले. एक झाड बघितलं, दुसरं बघितलं, मग ओळीच्या टोकापर्यंत बघत गेले. परत आले तेव्हा चेहरा खुलला होता.

"इतकी वर्सं मोहरी पेरतुया, पण पान खोडाला कसं लागलंय हे कवा बघितलंच न्हाई." मग म्हणाले, "पर पान येगळं म्हणून जात येगळी, हे मला पटत न्हाई. एका म्हशीची शिंगं वाकडी आन् दुसरीची सरळ असत्यात. म्हणून काय तिला म्हैस म्हणायचं न्हाई?"

भाभी माझ्याकडं बघायला लागली. मला आबांचा मुद्दा रास्त वाटला. नुसत्या पानावर जात ठरवायची नसते, हे मी वर्गातही सांगते. म्हटलं, "आबा, आता आत उतरून बघावं लागेल. पेशीत रंगसूत्रं असतात. ती मोजायची."

"मोज की मग," आबा म्हणाले. जसं काही मी एवढे दिवस आळस करत होते.

कॉलेजात रंगसूत्रं बघायला आम्ही कांद्याची मुळं वापरतो. कांदा सोयीचा, त्याची रंगसूत्रं ठळक, पोरांनाही दिसतात. मी डब्यात ओल्या टिपकागदावर मोहरी रुजत घातलेली बघून आमच्या लॅबमधले मामा म्हणाले, "मॅडम, कांदा महाग झाला का?" मामा या लॅबमध्ये माझ्या आधीपासून आहेत आणि काचपट्ट्या कमी फोडणाऱ्या माणसांवर त्यांचा जीव असतो. त्या महिन्यात मी त्यांच्या मनातून पार उतरले. मुळाचं टोक रंगात घालायचं, स्पिरिटच्या दिव्यावर हलकं शेकायचं, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं दाबायचं. जोर कमी पडला तर पेशी एकमेकींवर चढून बसतात, जास्त झाला की काच फुटते. मोहरीची रंगसूत्रं कांद्याच्या मानानं एवढीशी, त्यात गर्दी करून बसलेली. एकदा चौतीस भरायची, एकदा सदतीस. शेवटच्या वर्षाच्या पोरी माझ्याबरोबर मोजायला बसायच्या आणि आमच्यात भांडणं व्हायची.

एका सकाळी मात्र एक पट्टी अशी उतरली, की प्रत्येक रंगसूत्र सुटं पसरलेलं. आम्ही आळीपाळीनं मोजलं. आबांच्या मोहरीत छत्तीस. मग भाभीच्या सरसोंचीही एक पट्टी जमली. तिच्यात वीस. मामांनी स्वतः डोळा लावून मोजलं आणि "बरोबर आहे" म्हणाले, तेव्हा मला खरा धीर आला.

घरी सांगितलं तर आबांचं उत्तर ठरलेलं होतं. "मी बघितल्याबिगर कसं मानू?"

दौंडला गूळ न्यायचा होताच. दोन दिवसांनी टेम्पोत गुळाच्या ढेपांबरोबर आबा आले, भाभी आली, आणि बांगड्या भरायच्या आहेत म्हणून सासूबाईही आल्या. गूळ उतरवून तिघं कॉलेजात आले. पांढरी टोपी, स्वच्छ नेहरू शर्ट, पायात करकरणाऱ्या वहाणा अशा थाटात आबा लॅबच्या दारात उभे राहिले, तर मामा चटकन स्टूल सोडून उठले. त्यांना वाटलं, संस्थेचे कुणी संचालकच तपासणीला आले.

आबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि दुसरा मिटला. मग तो उघडून पहिला मिटला. "काहीच दिसंना," म्हणाले. मी हळूच फिरकी फिरवली. आबा नळीवर आणखी वाकले.

"दिसलं?"

"तीळ सांडल्यागत दिसतंय."

"ते मोजा."

आबांनी ओठ हलवत मोजलं. छत्तीस भरले नाहीत, पण तिशीच्या वर गेले. सरसोंच्या पट्टीत मात्र त्यांना बरोबर वीस सापडले. मग भाभीनं बघितलं. पदर डोक्यावरून घट्ट ओढून, श्वास रोखून. सासूबाईंनी "मला गरगरतं" म्हणून लांबूनच नमस्कार केला.

"बरं," आबा स्टुलावर नीट बसत म्हणाले, "येगळ्या हायेत हे मानलं. आता मला सांग, मोहरीत एवढी जास्त कशी?"

मी फळ्यावर एक त्रिकोण काढला. एका कोपऱ्यात सरसों लिहिलं, दुसऱ्यात काळी मोहरी, तिसऱ्यात कोबी.

"कोबी हितं कुठून आला?" सासूबाई म्हणाल्या.

"तोही याच घराण्यातला, आत्या. चुलता म्हणा."

सासूबाईंना ते काही रुचलं नाही, पण त्या पुढं ऐकू लागल्या. मी सांगितलं, की या तीन मूळच्या जाती. यांतल्या दोन-दोन जातींचा कधीतरी संकर झाला आणि मधल्या तीन नव्या जाती जन्मल्या. आपण फोडणीला टाकतो ती मोहरी त्यांतलीच एक, सरसों आणि काळी मोहरी यांच्या पोटची. सरसोंची वीस, काळीची सोळा. दोन्ही मिळून छत्तीस. पश्चिम आशियात कुठंतरी, काही हजार वर्षांपूर्वी, हे दोघं शेजारी-शेजारी उगवले असणार. हा संकर एकाच ठिकाणी झाला की बऱ्याच ठिकाणी, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पुढं माणसांच्या गाठोड्यांतून ती पोर इकडं आली आणि आपल्याकडंच मोठी झाली.

"म्हंजी दोन्ही घरची सगळी जमीन हिनं एका सातबाऱ्यावर आणली," आबा म्हणाले. "वाटणी झालीच न्हाई."

वर्गात इतकी वर्षं मी हे शिकवत आले, पण इतक्या कमी शब्दांत मला कधी सांगता आलं नव्हतं. मी ते लगेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं.

"आन् यात आई कोण, बाप कोण?" त्यांनी विचारलं.

"आई सरसों," मी म्हटलं. "पानातले जे हिरवे कण असतात, त्यांचा वारसा एकट्या आईकडून येतो. आपल्या मोहरीचे कण सरसोंशी जुळतात, काळीशी नाही. म्हणून आई कोण ते कळतं."

भाभी इतका वेळ फळ्याकडं टक लावून उभी होती. तिनं त्रिकोणातल्या सरसोंवर बोट ठेवलं, ते रेघेवरून मोहरीपर्यंत आणलं, आणि आबांकडं वळली.

"तो बाबूजी, आपकी राई हमारी बिटिया हुई."

कोपऱ्यात मामा तोंड फिरवून हसायला लागले.

"बिटिया आमची, घर तुमचं," भाभी म्हणाली. "हम समधी हुए."

सासूबाई उठल्या. भाभीचा हात धरून तिला आपल्या शेजारच्या बाकावर बसवलं आणि म्हणाल्या, "उभ्या काय राहिलात विहीणबाई, बसा की."

त्या दिवशी बाजारात सासूबाईंनी बांगड्या भरल्या त्या दोघींच्या हातांत.

वस्तीवर ही गोष्ट पोचायला एक संध्याकाळ पुरली. मग सगळ्यांना चेव आला. आबा भाभीला काही काम सांगायला लागले, की उसाच्या मोळ्या टाकणारे गडी म्हणायचे, "आबा, येहिणीला काम सांगता व्हय?" आबा अडखळायचे. आधी ते लांबूनच ओरडून सांगायचे. आता जवळ जाऊन, घसा खाकरून, "जरा चिपाड आत घ्यायला सांगाल का," असं म्हणायला लागले. भाभीही काही कमी नव्हती. आम्ही मुलीकडचे, पण मान आम्हांलाही हवा म्हणून तिनं एकदा काहिलीतली पहिली वाटीभर गरम काकवी आधी आपल्याकडं मागितली. आबांनी ती स्वतः नेऊन दिली. गुळव्याला हे सगळं कानकोंडं वाटायचं. तो खाली मान घालून काहील ढवळत राहायचा, पण मिशीत हसू मावायचं नाही.

संक्रांतीला आमच्याकडं हळदीकुंकू असतं. आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या बायका येतात. गुऱ्हाळावरच्या बायकांकडं तिळगूळ पाठवायची पद्धत होती, घरात बोलावणं जायचं नाही. कुणी मुद्दाम ठरवलेलं नव्हतं, पण तसं चालत आलं होतं. त्या वर्षी सासूबाई सकाळीच कुंकवाचा करंडा घेऊन गुऱ्हाळाकडं गेल्या आणि भाभीला रीतसर आमंत्रण देऊन आल्या. ती आली ती पिवळी साडी नेसून, हातात दोघींनी मिळून भरलेल्या बांगड्या घालून. बायकांच्या मध्ये सतरंजीवर जरा आखडूनच बसली. शेजारच्या एका म्हाताऱ्या मामींनी सासूबाईंना विचारलं, "ही गं कोण? नवीन दिसती."

"आमच्या मोहरीची आई," सासूबाई म्हणाल्या.

मामींना वाटलं, मोहरी हे कुणा सुनेचं लाडाचं नाव आहे. त्यांनी भाभीला जवळ घेऊन, लेक कशी आहे, किती महिने झाले, अशी चौकशी सुरू केली. भाभी सगळ्याला "ठीक हाय, ठीक हाय" म्हणत राहिली. मला हसू आवरेना, म्हणून मी वाण आणायच्या निमित्तानं आत गेले.

आबांच्या डोक्यात मात्र भलतंच घोळत होतं. आई सापडली, पण बाप कुठं आहे? अस्सल काळी मोहरी त्यांना डोळ्यांनी बघायची होती. मी सांगितलं, की ती आता आपल्याकडं क्वचितच पेरतात. त्यांना ते खरं वाटेना. दौंडच्या बाजारात, शिरूरच्या बाजारात, जाईल तिथून ते पुड्या आणायला लागले. प्रत्येक दुकानदार शपथेवर काळी मोहरी देत होता आणि प्रत्येक पुडीत आमचीच छत्तीसवाली निघत होती. माझं माहेर कवठे येमाईचं. फोनवर आईला सहज सांगितलं, तर ती म्हणाली, "आपल्या ज्वारीत असती ती काळीच की. तुझ्या आजीच्या वेळचं बी हाय." तिनं लगेच डबाभर पाठवून दिलं. तीही छत्तीसच. आईला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी तुटक बोलली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "तुमचं यंत्र काय सांगायचं ते सांगू द्या. लोणच्यात आमच्यासारखी फेसती का ते बघ." ती फेसतेही छान, हे मी कबूल केलं.

शेवटी वाट काढली भाभीनं. तिच्या माहेराकडं एका जातीला बनारसी राई म्हणतात, बारीक आणि काळीभोर. पुढच्या सीझनला तिचा भाऊ पहिल्यांदाच कामाला इकडं येणार होता. आबा त्याला उतरून घ्यायला स्वतः दौंड स्टेशनावर गेले. नेहमी गडी स्टेशनावरून आपले आपण जीपनं येतात. हा भाऊ घाबरूनच गेला, की मालक स्वतः फलाटावर कसे? आबांनी त्याची पिशवी हातात घेतली आणि पहिला प्रश्न केला, "राई लाया क्या?"

त्यानं आणली होती. तिची सोळा रंगसूत्रं दिसली तेव्हा मामांनी सगळ्यांना चहा पाजला.

ती आम्ही भाभीच्या वाफ्याशेजारी पेरली. पोर आणि आई फुलून गेल्या तरी हा गडी आपला वाढतच होता. माझ्या डोक्यावरून गेला, फांद्या सैरावैरा. फुलं उशिरा आली. शेंगा आखूड, बारीक, खोडाला चिकटून उभ्या. आबा त्या वाळायची वाट बघत होते. एका दुपारी ते विळा घेऊन कापायला गेले आणि पहिल्याच झाडाला हात लावताच शेंगा फुटून बी मातीत उडालं. दुसऱ्या झाडाचंही तेच. आबा विळा खाली ठेवून बांधावर बसले.

मी कॉलेजातून आले तेव्हा ते तिथंच होते. "हा काय माणसाळला न्हाई पुरता," म्हणाले. "ह्याला आपली गरजच न्हाई. सोताच पेरून घेतुया."

"सगळ्याच आधी अशा होत्या, आबा," मी म्हटलं. "रानातल्या झाडाला बी लांब उडवावंच लागतं. ज्यांच्या शेंगा जरा उशिरा फुटायच्या, त्यांचंच बी माणसाच्या हाती लागायचं. मग तेच पुढच्या साली पेरलं जायचं. असं करत-करत शेंगा मिटून राहायला शिकल्या."

"कुणी शिकवलं?"

"कुणी मुद्दाम नाही. कापणाऱ्या बायकांनी, न ठरवता."

भाभी पाटावर भांडी घासत होती. ती म्हणाली, तिच्या गावाकडं सरसों पहाटे कापतात, दवानं शेंगा नरम असतात तेव्हा, म्हणजे फुटत नाहीत. दुसऱ्या दिवशी आबांनी उरलेली काळी मोहरी पहाटे कापली आणि फडक्यात गुंडाळून आणली. ओंजळभर बी मिळालं.

त्याच हंगामात फुलं असताना आम्ही एक उद्योग केला होता. मला वाटलं, आई आहे, बाप आहे, तर पोर जन्माला घालून बघू. सरसोंच्या न उमललेल्या कळ्या उघडून त्यांतले पुंकेसर चिमट्यानं काढायचे, वर काळीचा परागकण लावायचा, आणि मधमाशी शिरू नये म्हणून पिशवी बांधायची. काळी उशिरा फुलते, म्हणून सरसोंचा एक कोपरा आम्ही मुद्दाम मागास पेरला होता. सासूबाईंनी जुन्या मलमलीच्या साडीच्या छोट्या-छोट्या पिशव्या शिवल्या. भाभीचा हात चिमट्यावर चांगला बसला. मी एक कळी सोलेपर्यंत तिच्या दोन व्हायच्या, पण माझ्या कळ्या जरा नीट सोललेल्या असायच्या, असं मी तिला ऐकवायचे. झाडावर पांढऱ्या पिशव्या लोंबकळताना बघून रस्त्यानं जाणारे थांबायचे. एकानं आबांना विचारलं, की दृष्ट लागू नये म्हणून बांधल्यात का? आबा म्हणाले, "मोहरीलाच कुणाची दृष्ट लागायची? मोहरीनं आपण दुसऱ्याची काढतो."

बहुतेक शेंगा पोकळ निघाल्या. थोड्या शेंगांत मिळून चिमूटभर बी भरलं. मी आबांना आधीच सांगून ठेवलं, की जमलंच तरी ही पोर वांझ असणार. आईकडून निम्मी, बापाकडून निम्मी, अशी हिच्यात अठराच रंगसूत्रं येतील आणि त्यांना आपापला जोडीदार सापडणार नाही. पुढं कधी योगायोगानं सगळी दुप्पट झाली, तरच बी धरेल. पहिल्या वेळी तसं घडलं म्हणून आपल्याला मोहरी मिळाली.

"म्हंजी तवा नशिबानंच झालं."

"नशीब आणि भरपूर वेळ."

गेल्या हिवाळ्यात ते चिमूटभर बी पेरलं. उगवलेली जवळपास सगळी साधी सरसों निघाली. कळ्या सोलताना पराग आतच राहिला होता. भाभीनं विचारलं, कुणाच्या कळ्या? मी म्हटलं, आता ते कळायचा मार्ग नाही. पण एक रोप वेगळं होतं. आबांनीच ते आधी हेरलं. सकाळी-सकाळी मला हाक मारून नेलं आणि शेंड्याचं पान दाखवलं. ते खोडाला पुरतं बिलगलेलं नव्हतं आणि सुटंही नव्हतं, अर्धाच कवळा घातलेला. त्याला फुलं आली ती बारीक, पुंकेसर सुकलेले. शेंगा धरल्याच नाहीत. मी कोवळ्या कळ्या कॉलेजात नेल्या. मोजायला पंधरवडा गेला, आणि शेवटी अठरा भरली. मी लॅबमधूनच घरी फोन केला. आबांनी फोन स्पीकरवर टाकला असावा, कारण पलीकडं गुऱ्हाळावरच्या माणसांचा गलका ऐकू आला.

ते झाड बराच काळ फुलत राहिलं. बी धरायचं नसल्यामुळं त्याला थांबायची घाई नव्हती. भाभीनं व्हिडिओ कॉल करून ते आपल्या आईला दाखवलं. आबा रोज त्याला तांब्याभर पाणी घालायचे. "बी न्हाई तर न्हाई," सासूबाई म्हणाल्या, "झाड काय वाईट हाय?" फाल्गुनाच्या उन्हात ते वाळलं. मी एक फांदी कागदात दाबून कॉलेजच्या संग्रहात ठेवली.

सरसों त्या साली गव्हाच्या कडेनंही टाकली होती, तिचं बी मात्र चांगलं पोतंभर झालं. आबांनी आणि भाभीच्या भावानं ते केडगावच्या बाजूला एका घाण्यावर नेऊन तेल काढून आणलं. होळीच्या आदल्या दिवशी भाभीनं आमच्या सगळ्यांना गुऱ्हाळावर जेवायला बोलावलं. चुलवाणाच्या निखाऱ्यात वांगी भाजली, हरभऱ्याचं सातू भरलेले कणकेचे गोळे भाजले, आणि वांग्याच्या भरतावर कच्चंच सरसोंचं तेल ओतलं. आमच्याकडं चटणी-भाकरीवर कच्चं तेल घेतात, पण ते शेंगदाण्याचं. सगळे आबांकडं बघत होते.

आबांनी पहिला घास घेतला. तेलाचा झणका नाकात गेला तसे डोळे भरून आले, टोपी मागं सरकली. गुळव्या पाण्याचा तांब्या घेऊन पुढं झाला. आबांनी हातानं त्याला थांबवलं, नाक पुसलं, आणि ताट पुढं केलं.

"वाढा व्याहीबुवा," ते गुळव्याला म्हणाले. "जरा तेल जास्त."

इतक्या वर्षांत आम्ही गुळव्याला पहिल्यांदाच मोठ्यानं हसताना ऐकलं.